ऑइल सील, क्लच आणि दुरुस्तीचा इतिहास : जावा-येझदी मोटारसायकलीच्या संदर्भात

सारांश

यंत्रांचा इतिहास बहुधा शोध, परवाने आणि उत्पादन यांच्या आधारे लिहिला जातो. यंत्र विकले गेल्यानंतर ते किती वर्षे आणि कोणाच्या हातांनी चालत राहिले, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात म्हैसूर येथे तयार झालेल्या जावा व येझदी या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या इंजिनातील क्लचच्या बाजूचे ऑइल सील हा एकच सुटा भाग अभ्यासासाठी घेतला आहे. सीलची घडण, त्याची गळती आणि ते बदलण्याची रीत यांच्या आधारे कारखाना बंद झाल्यानंतरही यंत्र का टिकते, याचा शोध घेतला आहे. नाशवंत भाग बदलता येणे, तो प्रमाण मापांत उपलब्ध असणे आणि तो बसविण्याचे ज्ञान समाजात पसरलेले असणे, या तीन बाबींवर यंत्राचे दीर्घायुष्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑइल सील, टू-स्ट्रोक इंजिन, जावा, येझदी, दुरुस्ती, तंत्रज्ञानाचा इतिहास, जतन.

१. प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या औद्योगिक इतिहासात दुचाकी वाहनांना महत्त्वाचे स्थान आहे. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमानंतर मोठ्या उद्योगांना परवाना आवश्यक झाला, आयातीवर कडक नियंत्रणे आली आणि परदेशी आराखड्यांवर आधारित वाहने देशातच तयार करण्याचे धोरण स्वीकारले गेले. मद्रासमध्ये एनफिल्ड, पुण्यात बजाज आणि म्हैसूरमध्ये आयडियल जावा हे कारखाने याच धोरणाच्या छायेत वाढले. या कारखान्यांविषयी लिहिताना करार, भांडवल, उत्पादनसंख्या आणि कामगार संबंध यांचा विचार होतो व तो योग्यच आहे. परंतु वाहन कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यानंतर त्याचा खरा इतिहास सुरू होतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहावा, असा आग्रह धरला. वापराचा इतिहास लिहू लागताच देखभाल आणि दुरुस्ती यांना मध्यवर्ती स्थान मिळते. आपल्याकडील ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासकांना हा दृष्टिकोन अपरिचित वाटू नये. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातील बलुतेदारांचे वर्णन वाचले, तर अवजारे चालू ठेवणारे हात हे गावाच्या अर्थव्यवस्थेचे अविभाज्य अंग होते, हे स्पष्ट होते. नांगर दुरुस्त करणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार आणि मोट शिवणारा चर्मकार यांच्यावाचून शेती अशक्य होती. मोटारसायकलीचा मिस्त्री हा या बलुतेदारांचा वारस आहे असे सरसकट म्हणता येणार नाही; तो रोख पैशाच्या अर्थव्यवस्थेत वावरतो. मात्र इतिहासलेखनात त्याची उपेक्षाही तशीच झाली आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) ऑइल सील या भागाच्या विकासाचा थोडक्यात मागोवा घेणे, (२) जावा-येझदी इंजिनातील क्लचच्या बाजूच्या गळतीचे स्वरूप व परिणाम स्पष्ट करणे, (३) सील बदलण्याच्या प्रक्रियेतून दिसणाऱ्या ज्ञानाचे विश्लेषण करणे, (४) जुन्या वाहनांच्या जतनासंबंधीच्या चर्चेत या ज्ञानाचे स्थान तपासणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. कंपनीचा आर्थिक इतिहास किंवा तिच्या बंद पडण्याची सर्व कारणे हा येथे अभ्यासाचा विषय नाही.

३. चामड्यापासून कृत्रिम रबरापर्यंत

फिरता किंवा सरकता दांडा कप्प्याच्या भिंतीतून बाहेर काढायचा, पण आतील पाणी, वाफ किंवा तेल बाहेर येऊ द्यायचे नाही, ही यंत्रविद्येतील फार जुनी अडचण आहे. अठराव्या शतकातील वाफेच्या इंजिनात दांड्याभोवती तागासारख्या धाग्यांची चरबीत भिजवलेली वेणी घट्ट दाबून बसवीत. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हाही गळती हीच मुख्य अडचण होती. त्यांचे सहकारी हेन्री मॉड्स्ले यांनी वाटीच्या आकाराचे चामडी कडे वापरून ती सोडविली, असे मानले जाते. आतील दाब वाढला की चामड्याची कड आपोआप अधिक घट्ट बसते, हे त्यामागील तत्त्व होय.

हे तत्त्व मराठी घरांत अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरात होते. रॉकेलच्या पंपाच्या स्टोव्हमधील आणि सायकलच्या हातपंपातील चामडी वायसर म्हणजे ब्रामाच्या यंत्रातील त्या वाटीचेच लहान रूप. वायसर कोरडा पडला की पंप हवा धरीत नसे आणि त्याला तेलाचे दोन थेंब पाजले की तो पुन्हा काम देई. मोटेचे चामडेही तेल पाजून मऊ ठेवावे लागे. चामडे ओले राहिले तरच अडवते, हा अनुभव या साऱ्यांमागे होता.

विसाव्या शतकात मोटारगाड्यांमुळे दांड्यांचा वेग वाढला आणि चामड्याची वेणी व नमद्याची कडी अपुरी पडू लागली. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग ही कंपनी मूळची चामडे कमावणारी होती. तिची स्थापना १८४९ मधील. १९२९ नंतरच्या मंदीच्या काळात ती चामडी सीलच्या उत्पादनाकडे वळली. वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून तिचे 'सिमररिंग' प्रसिद्ध झाले. धातूचे कवच, त्यात दांड्याला टेकणारी लवचीक ओठासारखी कड आणि त्या कडेला आवळून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, ही आजच्या ऑइल सीलची रचना याच काळात स्थिर झाली.

नैसर्गिक रबर येथे उपयोगी नव्हते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या गंधकाच्या प्रक्रियेने रबर टिकाऊ झाले होते, तरी खनिज तेल आणि पेट्रोल यांत ते फुगते व मऊ पडते. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेल्या नायट्राइल या कृत्रिम रबराने ही अडचण दूर केली आणि लवकरच चामड्याची जागा रबराने घेतली. मात्र नायट्राइललाही वय असते. उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे ते हळूहळू कडक होते, त्याची कड दांड्यावर नीट टेकत नाही व अखेर तिला बारीक चिरा पडतात. हा क्षय वाहन उभे असतानाही चालूच राहतो. त्यामुळे कमी चाललेले जुने वाहन हे चांगल्या स्थितीतील वाहन असेलच असे नाही.

४. प्राग ते म्हैसूर

फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्राग येथे जर्मन वांडरर कंपनीच्या आराखड्यावरून मोटारसायकल तयार करण्यास प्रारंभ केला. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीने टू-स्ट्रोक मोटारसायकलींत मोठा नावलौकिक मिळविला. १९५४ च्या सुमारास आलेल्या २५० सी.सी. वर्गातील ३५३ या नमुन्यात २४८.५ घनसेंटिमीटरचे एकच सिलिंडर आणि त्याला दोन धुराडी होती. गिअरचा दांडा दाबताच क्लच आपोआप सुटावा अशी सोय त्यात केली होती आणि तोच दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याची किकही होत असे.

हा आराखडा रुस्तम व फारुख इराणी यांच्या पुढाकाराने भारतात आला. आयडियल जावा (इंडिया) लिमिटेड या कंपनीची स्थापना १९६० मध्ये झाली आणि १९६१ पासून म्हैसूर येथे मोटारसायकली तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या 'येझदी' या नावाने विकल्या जाऊ लागल्या. या नावाचा संबंध इराणमधील यझ्द शहराशी जोडला जातो. १९७८ मध्ये आलेली रोडकिंग ही तिची सर्वाधिक लोकप्रिय आवृत्ती ठरली. 'फॉरेव्हर बाइक, फॉरेव्हर व्हॅल्यू' ही तिची जाहिरात त्या पिढीच्या स्मरणात आहे. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल आली, इंधनबचत हा निकष प्रभावी झाला, पुढे धुराविषयीचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कायमची म्हणून विकल्या गेलेल्या वाहनाचा निर्माताच उरला नाही. तरीही वाहने रस्त्यावर राहिली. ती कशी राहिली, हे समजून घेण्यासाठी इंजिनाच्या आत पाहणे आवश्यक आहे.

५. 'क्लच साइड'चे सील : रचना व बिघाड

गॅरेजमध्ये ज्याला 'क्लच सील' किंवा 'क्लच साइडचे सील' म्हणतात, ते प्रत्यक्षात क्लचचा भाग नसते. क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंनी क्रँक केसच्या बाहेर येतो. जावा-येझदीमध्ये उजव्या बाजूस वीजनिर्मितीची यंत्रणा आणि डाव्या बाजूस प्रायमरी चेन व क्लच असतो. दोन्ही ठिकाणी एकेक सील लागते आणि मिस्त्री त्यांना शेजारच्या यंत्रणेवरून 'मॅग्नेट साइड' व 'क्लच साइड' अशी नावे देतात. ही नावे बजाज स्कूटरच्या दुरुस्तीतही तशीच चालत. १९७२ मध्ये आलेल्या चेतकने टू-स्ट्रोक इंजिन महाराष्ट्रात गावोगाव पोहोचविले आणि त्याबरोबर ही परिभाषाही पसरली.

या सीलचे महत्त्व टू-स्ट्रोक इंजिनाच्या स्वभावात आहे. चार-स्ट्रोक इंजिनात सील गळले तर सामान्यतः तेल खाली ठिबकते. जमीन खराब होते, पण इंजिन चालत राहते. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र क्रँक केस हा स्वतःच एक पंप असतो. पिस्टन वर जाताना क्रँक केसमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो व कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ही ओढ आणि हा दाब सेकंदाला ५० वेळा निर्माण होतो. सीलची एक पातळ कड हे दोन्ही सोसत असते.

क्लचची बाजू वेगळ्या तेलाने भरलेली असते. जावाच्या गिअरपेटीचे तेल प्रायमरी चेन आणि क्लच यांनाही मिळते. जुन्या क्लचप्लेटांवरील बुचाच्या अस्तराला तर ते आवश्यकच असते, कारण कोरडे बूच जळते. त्यामुळे क्लच साइडचे सील निकामी झाले की दोन परस्परविरोधी प्रकार घडतात. ओढ निर्माण होते तेव्हा गिअर ऑइल क्रँक केसमध्ये शिरते, जळते आणि गाडीमागे दाट पांढरट धूर सुटतो. दाब निर्माण होतो तेव्हा पेट्रोलचे मिश्रण क्लचच्या कप्प्यात शिरते व गिअर ऑइल पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास येतो. बाहेर एक थेंबही न गळता गाडीचे तेल कमी होत जाते. मॅग्नेट साइडचे सील गेले तर लक्षण निराळे असते : बाहेरची हवा आत शिरून मिश्रण विरळ होते, इंजिनाची गती आपोआप चढते आणि पिस्टन तापून धरण्याचा धोका निर्माण होतो.

म्हणूनच धुराचे निदान हे मिस्त्रीचे पहिले कौशल्य ठरते. पेट्रोलात तेल जास्त पडले असेल तरी धूर होतो. पण तेव्हा गिअर ऑइलची पातळी उतरत नाही. धुराचा रंग व वास, प्लगवरची ओल आणि गिअर ऑइलची पातळी यांचा एकत्रित विचार करूनच इंजिन उघडावयाचे की नाही हे ठरते. चुकीच्या निदानामुळे ग्राहकाच्या माथी पिस्टन व रिंगांचा अनावश्यक खर्च बसू शकतो.

६. सील बदलण्याची प्रक्रिया आणि तिच्यातील ज्ञान

प्रक्रियेचा क्रम सांगणे अवघड नाही. गिअर ऑइल काढून टाकावयाचे. किक व गिअरचा दांडा आणि डावे झाकण उतरावयाचे. क्लचच्या स्प्रिंगा सोडवून प्लेटा क्रमाने बाहेर ठेवावयाच्या. क्लचचे केंद्र आणि क्रँकवरील स्प्रॉकेट पुलरने ओढून चेनसह एकत्र काढावयाचे. त्यानंतर सीलपर्यंत हात पोहोचतो. सील बेअरिंगच्या बाहेर असेल तर ते येथूनच निघते; आत असेल तर क्रँक केसचे दोन्ही भाग सुटे करावे लागतात. टू-स्ट्रोक इंजिनांत दोन्ही प्रकारच्या रचना आढळतात आणि दुरुस्तीचा खर्च या एका फरकाने कितीतरी वाढतो. आराखडा करणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार केला होता की नाही, हे येथे कळते.

क्रम सांगता येतो. हाताचे शहाणपण मात्र शब्दांत पूर्णपणे पकडता येत नाही. जुने सील उचकटताना त्याच्या घराला ओरखडा पडला, तर नवे सील बाहेरच्या कडेने गळते. नवे सील बसवताना क्रँकच्या टोकावरील आटे किंवा खाच उघडी राहिली, तर ओठाची कड पहिल्याच क्षणी कापली जाते. म्हणून तेथे पातळ प्लॅस्टिक गुंडाळून कडेला तेल लावण्याची रीत आहे. सील हातोडीने थेट न ठोकता त्याच मापाचे जुन्या बेअरिंगचे कडे वर ठेवून चहूबाजूंनी सारखे आत बसवितात. ते तिरके बसले की थोड्याच दिवसांत पुन्हा धूर येतो.

याहून सूक्ष्म बाब दांड्याच्या पृष्ठभागाची आहे. मऊ रबर कठीण पोलादाला झिजविते, हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. परंतु कडेत रुतलेली धूळ आणि धातूचे कण वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घासून दांड्यावर खोबण पाडतात. अशा खोबणीवर नवे सील बसविले तरी गळती थांबत नाही. तेव्हा घरात जागा असल्यास सील किंचित पुढे किंवा मागे बसवून त्याची कड कोऱ्या पृष्ठभागावर आणतात, अथवा दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवितात. नखाने खोबण चाचपून हा निर्णय घेतला जातो. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मधील 'द टॅसिट डायमेन्शन' या पुस्तकात, माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असा विचार मांडला. त्याचे यापेक्षा नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे बेअरिंग तपासण्याचाही नियम आहे. बेअरिंग ढिले झाले की दांडा किंचित डोलतो आणि सीलची कड त्याचा पाठलाग करू शकत नाही. त्यामुळे वारंवार गळणारे सील हा बहुधा मूळ रोग नसून दुसऱ्या रोगाचे लक्षण असते. मिस्त्रीने केवळ सील बदलून गाडी परत केली, तर काम झाले पण दुरुस्ती झाली नाही.

७. कारखाना बंद झाल्यानंतर

१९९६ नंतर सुट्या भागांचा अधिकृत पुरवठा आटला. क्रँक, सिलिंडर, झाकणे हे भाग जावाचे स्वतःचे होते. ते जुन्या गाड्यांतून किंवा लहान उत्पादकांकडून मिळवावे लागले. सीलची गोष्ट वेगळी होती. ऑइल सील आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी या तीन आकड्यांनी ओळखले जाते. जर्मनीतील डी.आय.एन. ३७६० सारख्या मानकांनी ही मापे प्रमाणित केली होती. परिणामी, वाहनाचे नाव न सांगता केवळ तीन आकडे सांगून बेअरिंगच्या दुकानातून सील मागता येते. पंपासाठी किंवा शेतीयंत्रासाठी तयार झालेले योग्य मापाचे व योग्य रबराचे सील त्या जागी बसू शकते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जावा-येझदी टिकली, कारण तिचा सर्वांत नाशवंत भाग हा तिचा सर्वांत कमी 'स्वतःचा' भाग होता. निर्मात्याच्या मक्तेदारीबाहेरील मापांत तो तयार होत होता. समजा, हे सील केवळ म्हैसूरच्याच कारखान्यात मिळत असते, तर हजारो सुदृढ क्रँक एका लहानशा रबरी कड्यासाठी भंगारात गेले असते.

२०१८ मध्ये क्लासिक लेजेंड्स या कंपनीने जावा हे नाव आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले. ही वाहने चार-स्ट्रोक व द्रवशीतित इंजिनांची आहेत. जुन्या इंजिनांना त्यांच्या भागांचा उपयोग नाही. नाव परत आले. जुन्या गाड्यांची जबाबदारी मात्र गॅरेजवरच राहिली. दरम्यान इंधनही बदलले आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि ते क्रमाने देशभर पोहोचले. जुन्या पद्धतीच्या रबरावर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो, म्हणून आता सील निवडताना मापाबरोबर रबराचा प्रकारही पाहावा लागतो. उष्णता व इंधने अधिक सोसणारे फ्लोरो-रबर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उपलब्ध असले, तरी ते महाग आहे. जुने इंजिन नव्या इंधनावर चालविण्याचा हा प्रश्न पुस्तकात नव्हे, गॅरेजच्या बाकावर सुटतो आहे.

८. 'मूळ स्वरूप' म्हणजे काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र तरतूद केली व त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे योजली. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यामागील भूमिका आहे. १९६१ ची पहिली म्हैसुरी जावा २०११ मध्येच पन्नास वर्षांची झाली. १९७३ ची येझदी २०२३ मध्ये झाली. म्हणजे या वाहनांचा वारसा म्हणून विचार करण्याची वेळ आली आहे.

परंतु मूळ स्वरूप म्हणजे मूळ पदार्थ असा अर्थ घेतला, तर चालू स्थितीतील एकही टू-स्ट्रोक इंजिन या कसोटीस उतरणार नाही. चालण्यासाठी त्याने आपली सील अनेकदा बदललेली असणारच. उलट कारखान्यातून आलेले सील जसेच्या तसे असलेले इंजिन बहुधा मुके असते. संग्रहालयातील तांब्याचे भांडे स्थिर ठेवून जपता येते. इंजिनाचे रूप मात्र त्याच्या क्रियेत आहे आणि क्रिया टिकवायची तर नाशवंत भाग बदलणे अपरिहार्य आहे. याचा अर्थ कोणताही बदल ग्राह्य आहे असा नव्हे. सिलिंडर, क्रँक, झाकणे ही त्या काळातील घडणीची साक्ष होय, ती राखावीत. सील हे आरंभापासून बदलण्यासाठीच योजलेले असते. ते बदलणे म्हणजे आराखड्याचा भंग नसून त्याचे पालन आहे. कोणता भाग केव्हा व का बदलला याची नोंद वाहनासोबत ठेवली, तर दुरुस्तीही इतिहासाचे साधन होईल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) ऑइल सीलचा विकास चामडे, नमदा व कृत्रिम रबर अशा टप्प्यांनी झाला. प्रत्येक टप्प्यावर दांड्याचा वेग आणि द्रवाचा स्वभाव यांनी पदार्थाची निवड ठरविली.

(२) टू-स्ट्रोक इंजिनात क्लच साइडचे सील हे इंजिनाच्या श्वसनाचाच भाग आहे. त्यामुळे त्याची गळती बाहेर न दिसताही गंभीर असते आणि तिचे निदान अनुभवावर अवलंबून राहते.

(३) १९९६ नंतरही जावा-येझदी चालू राहिल्या, याचे श्रेय केवळ मालकांच्या हौसेला देता येणार नाही. प्रमाण मापे आणि पसरलेले कारागिरीचे ज्ञान यांचा त्यात मोठा वाटा आहे.

(४) जुन्या यंत्रांच्या जतनात टिकाऊ भाग आणि नाशवंत भाग यांत भेद करणे आवश्यक आहे.

केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारवाहनांचाही समावेश आहे. सुटे भाग व माहिती निर्मात्याकडेच कोंडली जाऊ नये, या आजच्या मागणीला जावा-येझदीच्या सीलने पूर्वीच उत्तर दिलेले आहे.

मात्र या उत्तरातील एक कडी दुबळी होत चालली आहे. तीन आकडे सांगितले की सील आजही मिळते. ते कुठे किंचित मागे बसवावे हे सांगणारे मिस्त्री वृद्ध होत आहेत. टू-स्ट्रोक वाहनांवर काम करीत वाढलेल्या या पिढीचे ज्ञान कोणत्याही दप्तरखान्यात नाही. महाविद्यालयांतील इतिहास, अभियांत्रिकी आणि मराठी या विभागांनी आपापल्या तालुक्यातील अशा कारागिरांच्या मुलाखती, त्यांची परिभाषा आणि त्यांची हत्यारे यांची नोंद एकत्रितपणे घेतल्यास ते सर्वार्थाने आंतरविद्याशाखीय कार्य ठरेल. रबराला वय असते आणि नवे रबर आणता येते. कारागिरांच्या बाबतीत ही सोय नाही. त्यामुळे हे काम पुढे ढकलता येणार नाही.